नारद कोणी करायचा?

"सौभद्र बसवायचं फार मनात आहे हो, पण गाणारा मुलगाच मिळत नाही."

जळगाव असो, भुसावळ असो की धुळे, हौशी नाटकवाल्यांच्या बैठकीत संगीत नाटकाचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. सगळे मान हलवतात, चहा येतो आणि स्पर्धेसाठी एखादं दोन अंकी गद्य नाटक नक्की होतं.

मी पेटी वाजवतो. क्लासच्या मुलांना, भजनाला, अधूनमधून नाटकाला. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना साथीला बसलं की काय दिसतं ते सांगतो. प्रवेशिकेला मुली, मध्यमेला मुली, विशारदला तर विचारूच नका. मुलगे तबल्याकडे वळतात, नाहीतर गिटारकडे, आणि दहावी आली की तेही बंद. म्हणजे गाणारे गळे आपल्या गावांत भरपूर आहेत. ते मुलींचे आहेत म्हणून आपण मोजत नाही, एवढंच.

तर माझं म्हणणं असं की कृष्ण, नारद, अर्जुन मुलींना द्या. सवलत म्हणून नको, महिला दिनाचा कार्यक्रम म्हणून तर नकोच नको. त्या पदांना जो गळा लागतो तो आज त्यांच्याकडे आहे, म्हणून द्या.

हे एका लग्नात पंगतीला बसल्या बसल्या बोललो, तर शेजारचे काका म्हणाले, "आते काय बाया मिशा लावतीन का भो?" काका, नारदाला मिशी नसते. कृष्णालाही नसते. अर्जुनाचं बघू.

आणि हा प्रश्न जळगावात पडावा याचं मला हसू येतं. नारायण राजहंस नावाचा मुलगा लहानपणी याच गावात राहून मेहबूबखाँ यांच्याकडे गाणं शिकला. पुढे तो बालगंधर्व झाला. भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशा नाटकांतल्या नायिका झाला. आपल्या पणज्यांनी त्याचं बघून नेसणं बदललं, अंबाडा बदलला. गावात त्याच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, त्याच्या नावाने दरवर्षी संगीत महोत्सव भरतो. पुरुषाची सिंधू डोक्यावर घेतलेला हा गाव, आणि बाईचा नारद म्हटलं की कपाळाला आठ्या.

बालगंधर्वांचा दाखला फार ताणू नये, हेही मला कळतं. त्या काळात घरंदाज बाईने रंगमंचावर पाऊल टाकणं म्हणजे बदनामी होती, म्हणून पुरुषाला शालू नेसावा लागला. त्यात बाईला कुणी विचारलेलं नव्हतं. आज मुलगी पितांबर नेसून उभी राहिली तर ती कुणाला हाकलून उभी राहत नाही. जागा रिकामीच पडली आहे. पण त्या इतिहासातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९३५ साली 'धर्मात्मा' चित्रपटात बालगंधर्व संत एकनाथ झाले आणि त्यांच्या चाहत्यांना ते रुचलं नाही. साडीतला पुरुष चालला, धोतरातला तोच पुरुष चालेना! प्रेक्षकाच्या 'हे काही पटत नाही बुवा'मध्ये पटण्याचा भाग किती आणि सवयीचा किती, हे यावरून समजावं.

आता माझ्या विषयाकडे येतो, म्हणजे पट्टीकडे, गाणारा किती उंच सुरात गातो त्याकडे. नाटकवाले दिसण्यावर तासभर बोलतात आणि पट्टीवर एक मिनिट नाही.

किर्लोस्करांनी सौभद्र रंगभूमीवर आणलं ते १८८२ साली. माईक नव्हता. मांडवातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा तर गळा उंच लागायचा, पातळ आणि धारदार लागायचा. त्या जमान्याचे गायक नट उंच पट्टीत गायचे ते हौसेने नव्हे. पदांच्या चालीही त्याच अंगाने घडलेल्या. आज माईकसमोर उभा राहणारा आपला मुलगा पेटीच्या काळी एकमध्ये, म्हणजे खालच्या पट्टीत गातो, फार तर पांढरी दोन. तिथे ते पद ऐका. सूर बरोबर, शब्द बरोबर, पण पद खाली बसतं. तेच काळी चारमध्ये, म्हणजे बऱ्याच वरच्या पट्टीत, एखाद्या मुलीकडून ऐका, लगेच उभं राहतं.

साथीदाराची सोयही सांगून टाकतो. नायक काळी एक आणि नायिका काळी चार असली की तबलजीला उजव्या हाताचे दोन तबले मांडून बसावं लागतं, एक मोठ्या तोंडाचा, एक लहान. संवाद संपता संपता इकडचा सरकवायचा, तिकडचा ओढायचा, हातोडीने एखादा ठोका मारून घ्यायचा. इकडे माझं बोट तंबोऱ्याच्या मशीनवर. तेवढ्यात नायकाची वाक्यं संपतात आणि तो आमच्याकडे बघत उभा राहतो. नायक-नायिका दोघांची पट्टी एक असेल तर ही सगळी कसरत वाचते आणि संवादातून पद सहज उगवतं. हे कारण कुठल्या चर्चासत्रात कुणी मांडणार नाही, पण तालमीला रोज हेच आडवं येतं.

मागे एका शाळेच्या हॉलमध्ये सौभद्रातल्या काही प्रवेशांची तालीम चालली होती. नारद एका मुलीला दिला होता. माझ्या आग्रहाने नव्हे, खरोखरच दुसरं कुणी नव्हतं म्हणून. 'राधाधर मधुमिलिंद' तिने काळी चारमध्ये असं घेतलं की मागे खुर्च्या लावणारा शिपाई थांबला. गाण्याचा प्रश्नच नव्हता. अडलं ते बोलण्यात. पद संपलं की ती आवाज खाली ओढून घोगरी व्हायची, पुरुष व्हायचं म्हणून. छाती पुढे, पाय फाकवून उभी, हातातली वीणा लाठीसारखी धरलेली. गाणारा नारद वेगळा आणि बोलणारा वेगळा, असे दोन नारद झाले. दिग्दर्शकाने शेवटी सांगितलं, "ताई, तू पुरुष होऊ नकोस, तू नारद हो. नारदाला काय करायचंय? काडी लावायची आहे." तिने स्वतःच्याच आवाजात वाक्यं टाकली, जराशी लाडिक, जराशी खोचक. चिपळ्या वाक्याच्या शेवटी न वाजवता मध्येच वाजवायला लागली. पाच मिनिटांत हॉलमधले सगळे हसत होते, आणि हसत होते ते नारदाला, मुलीला नव्हे.

जगात हे चाललेलंच आहे. लंडनमध्ये २०१८ साली अमेरिकी संगीतकार सोंडहाइम यांच्या 'कंपनी' या संगीतिकेतला बॉबी हा अविवाहित नायक दिग्दर्शिका मॅरिअ‍ॅन एलियट यांनी बाई केला, खुद्द सोंडहाइम यांच्या संमतीने. पस्तिशीच्या पुरुषाला मित्र 'लग्न कर' म्हणतात आणि पस्तिशीच्या बाईला म्हणतात, यातला फरक खान्देशात कुणाला समजावून सांगायला नको. मात्र तिथे पात्रच बदललं. २०२५च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बाऊलमध्ये गायिका-अभिनेत्री सिंथिया एरिव्होने 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये येशू केला, तिथे पात्र तेच राहिलं, गाणारी बाई आली. त्या भूमिकेची गाणी आधीच पुरुषाला उंच, अगदी टिपेला नेणारी. मला आपल्यासाठी हा दुसरा मार्ग बरा वाटतो. अर्जुनाची अर्जुनी करायची काही गरज नाही.

तसं बघितलं तर आपल्या पोरींना हे नवं कुठे आहे? भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात. त्यात सासू असते, सासरा असतो, रुसलेला नवरा असतो, आणि सगळ्यांचे आवाज पोरीच काढतात. तिथे कुणी म्हणत नाही की सासऱ्यासाठी शेजारचा बाप्या बोलवा. पुढे खाऊ ओळखायची घाई असते, कुणाला वेळ नसतो असल्या शंकांना.

मला राग येतो तो कौतुकाचा. 'सर्व महिला संचातील सौभद्र' अशी जाहिरात लागते, आठ मार्चच्या आसपास प्रयोग होतो, पुढच्या रांगेत पाहुणे बसतात, अर्जुन आला की नातेवाईक मोबाइल काढून हसतात, शेवटी शाली-नारळ. गाणं कसं झालं हे कुणी बोलत नाही. 'या वयात, घर सांभाळून' एवढंच बोलतात. बायकांनी केलं म्हणून दहा चुका माफ आणि त्याच कारणासाठी पुढचा प्रयोग नाही. त्यापेक्षा मिश्र संच करा. बलराम तगडा पुरुष असू दे, रुक्मिणी बाई असू दे आणि मधे कृष्ण एखादी उत्तम गाणारी मुलगी असू दे. 'प्रिये पहा' ती रुक्मिणीसमोर गाईल तेव्हा पहिली दोन मिनिटं प्रेक्षक चुळबूळ करतील. सूर नीट लागला तर तिसऱ्या मिनिटाला गप्प बसतील. नाही लागला तर उठून जातील, आणि ते योग्यच होईल.

सगळ्याच भूमिकांबद्दल माझं हे मत आहे असं नाही. 'एकच प्याला'तला सिंधूचा दारुडा नवरा सुधाकर बाईने करावा का, यावर माझं मन अजून बसत नाही. तिथे गळ्याचा प्रश्न नाही. त्या घरात नवरा म्हणून जी दहशत आहे तिचं वजन वेगळं आहे. कुणी करून दाखवलं तर तिकीट काढून बघायला जाईन. 'कट्यार'मधला खाँसाहेब मात्र खुशाल करावा. फक्त तयारी त्या तोडीची हवी, आणि ती आज पुरुषांतही किती जणांची आहे?

राहता राहिलं मिशीचं. अर्जुन सौभद्रात यतीच्या वेषात वावरतो, म्हणजे मिशी काय, दाढीही लागणार, आणि ती तर पुरुष नटालाही स्पिरिट गमनेच चिकटवावी लागते. नऊवारी नेसून वावरलेल्या मुलीला पितांबराचा कासोटा नवा नाही.

जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, कुठल्याही संस्थेने यंदा हिंमत केली तर पेटीला मी येतो, मानधनाचं नंतर बघू. अट एकच. पत्रिकेत 'नारद' आणि त्यापुढे त्या मुलीचं नाव, एवढंच छापायचं. कंसात काही नाही.