काजळीचा शेअर आणि उद्यमनगरचा कट्टा

ॲडव्हान्स्ड मटेरियलच्या कंपनीत पैसे घालायचं ठरलंय ना? मग आधी तुमचं कामावरचं डोकं फौंड्रीच्या शॉपमध्येच, लोखंड ओतता तिथं, कुलपात ठेवून या. कास्टिंगवर हातोडी मारून कान लावायची सवय असेल तर तीही तिथंच राहू दे. ओतीव लोखंडातलं चिवट एसजी आयर्न घंटेसारखं वाजतं, साधं ग्रे आयर्न मुकं पडतं, हे तुम्हाला डोळे मिटून कळतं. असल्या कानाने कंपनी वाजवून बघायला गेलात तर शेअर घेणं व्हायचंच नाही.

चहा सांगा. हाफ नको, फुल्ल; बसणं लांबणार आहे.

कंपनीचं नाव उच्चारायचं नाही. कोल्हापुरात उद्यमनगरच्या कट्ट्यावर तिला 'आपली' म्हणतात. "आपलीचं काय झालं?" "आज पण सर्किटला, भावा!" एवढ्यावर भागतं; सर्किट म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त चढू-उतरू शकतो ती हद्द. एकदा 'आपली' म्हटलं की तिचा ताळेबंद उघडणं म्हणजे घरच्या माणसाचं पाकीट तपासल्यासारखं होतं, आणि तसलं आपल्यात कोण करत नाही.

आपली ग्राफीन करते. ग्राफीनबद्दल तीन वाक्यं पाठ करा, चौथं शिकू नका. ग्राफाइटचा एक अणू जाडीचा थर म्हणजे ग्राफीन. २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी तो चक्क चिकटपट्टीने सोलून वेगळा केला आणि २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पोलादाच्या दोनशेपट मजबूत. बस्स, इथं थांबा.

चौथं वाक्य धोक्याचं आहे. एक मिलिमीटर जाड ग्राफाइटमध्ये असे सुमारे ३० लाख थर एकावर एक बसलेले असतात. म्हणजे पोराच्या पेन्सिलीत ते आहेत आणि तुमच्या ग्रे आयर्नमध्ये जो तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो, त्याच्या पाकळ्यांतही आहेत. थर असण्यात काही विशेष नाही. ते सुटे करणं आणि सुटे झाल्यावर सुटेच ठेवणं, यात सगळा धंदा आहे. कुणी हे बोललंच तर विषय झटकन नोबेलवर न्या.

मालाचा नमुना मागू नका. तुम्ही मार्केट यार्डात गुळाचा रवा फोडून रंग आणि कणी बघितल्याशिवाय बोली लावत नाही. गंगावेशीत म्हैस समोर उभी करून पेल्यात धार काढून घेता. गुजरीत सोनं कसाला लावल्याशिवाय खिशात हात घालत नाही. ती सवय इथं आणू नका, कारण हे विज्ञान आहे. सिंगापूरच्या संशोधकांनी २०१८ मध्ये जगभरातल्या ६० कंपन्यांचं ग्राफीन तपासलं, तेव्हा बहुतेकांच्या पुडीत खरं ग्राफीन दहा टक्क्यांच्याही खाली निघालं आणि निम्म्याच्या वर एकही गेली नाही. बाकी सगळं बारीक केलेलं ग्राफाइट. दुधात पाणी आपण समजू शकतो. हे पाण्यात दूध.

तपासायची रीत अगदीच अवघड नाही, म्हणून ती तुम्हाला माहीत नसलेली बरी. सी. व्ही. रामन यांच्या नावाचा जो स्पेक्ट्रम असतो, म्हणजे नमुन्यावर लेसर मारून विखुरलेल्या प्रकाशाचा आलेख, त्यात आडव्या रेषेवर २७०० च्या आसपासचं शिखर उंच आणि सडसडीत असेल तर थर मोजके. तेच बसकं आणि रुंद असेल तर ग्राफाइटची भुकटी. १३५० जवळचं शिखर वर आलं असेल तर थरांत दोष. आणि कागद एका बॅचचा बघून चालत नाही, सलग दहा बॅचचे लागतात. एक पुडी चांगली काढणं कुणालाही जमतं; फौंड्रीत पहिल्या हीटचं, म्हणजे भट्टीच्या पहिल्या वितळीचं, पहिलं कास्टिंग साहेबांच्या टेबलावर ठेवायला चांगलंच निघतं की.

बरं, माल चांगला निघाला तरी तो डब्यात गुण्यागोविंदाने राहत नाही. थरांना एकमेकांची ओढ असते. भुकटी ठेवून ठेवून परत चिकटते, गोळे होतात आणि रंगात किंवा रेझिनमध्ये मिसळताना ते गोळे फुटले नाहीत तर मजबुती वाढायच्या ऐवजी तिथूनच तडा जातो. वाळू बांधून धरणारी बेंटोनाइट माती नीट न मळता वाळूत टाकली की मोल्डचं काय होतं ते तुम्ही बघता, तसंच. म्हणून गिऱ्हाइकाला भुकटी नको असते, मिसळून तयार पेस्ट किंवा मास्टरबॅच हवी असते. आपली नक्की काय विकते, भुकटी का पेस्ट, हा प्रश्न मनात आला तर एक भजी जास्त खा.

आता करायची पद्धत. ती विचारली तर आपली 'पेटंटेड' म्हणून सांगते, ते मान्य करा. नाहीतर १९५८ ची हमर्सची पद्धत वाचावी लागेल. मूळ कृतीत १०० ग्रॅम ग्राफाइटला ५० ग्रॅम सोडियम नायट्रेट, ३०० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आणि २.३ लिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल. परमँगनेट घालताना तापमान २० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. घाई केली आणि मिश्रण तापलं तर स्फोटाची भीती. एवढं करून हातात येतं ते ग्राफीन नव्हे, ग्राफाइटचा ऑक्साइड. तो धुवा, सोला, मग परत त्यातला ऑक्सिजन काढा. धुताना त्याची खळ होते आणि गाळणी तुंबते, म्हणून धुणं संपता संपत नाही. आता हिशोब करा. नको, करूच नका. एक किलो ग्राफाइटला २३ लिटर आम्ल, आणि ते धुऊन काढायला लागणारं पाणी वेगळं. शंभर टनांचा प्लांट टाकणार म्हणता, तर एवढं आम्लाचं पाणी जाणार कुठं? प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती किती टनांची आहे, ते त्या कागदावरच लिहिलेलं असतं. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचू नये, यासाठी खास मन मारावं लागतं. पण आपण मारतो.

मागणीचं गणित मात्र मोठ्याने करायचं, शेजारच्या बाकावर ऐकू जाईल असं. "जगात रंगाचा धंदा केवढा, अण्णा? त्याच्या एक टक्का जरी आपलीला मिळाला तरी...!" हे 'जरी... तरी' फार गुणाचं आहे, ते सोडू नका. उलटं गणित करू नका. गंजरोधक प्राइमरमध्ये अर्धा टक्का ग्राफीन धरा. हजार किलो प्राइमरला लागलं किती? पाच किलो. शंभर टनांची क्षमता विकायची तर २०,००० टन प्राइमर कुणीतरी करायला पाहिजे. सिमेंटला वजनाच्या ०.०५ टक्के धरलं तर ५० किलोच्या पोत्यात २५ ग्रॅम, म्हणजे पातेलंभर तांबड्या रश्श्याला दोन चमचे साखर दिल्यासारखं. माल जितका गुणकारी, तितका कमी लागतो, आणि सगळ्यांनी करायला घेतला की भाव पडतो. हे कळणारा एक तरी माणूस कट्ट्यावर असतोच. त्याला 'निगेटिव्ह' म्हणायचं आणि चहाचं बिल त्याच्या नावावर टाकायचं.

बातमी वाचायची तर मथळाच वाचा. 'नामांकित वाहन कंपनीला नमुने रवाना' असं आलं की पेढे आणा. तुम्ही स्वतः पुण्याच्या पार्टीला ब्रॅकेटचं सॅम्पल पाठवता, तेव्हा काय होतं ते आठवू नका. सॅम्पल मोजतात, परत पाठवतात. पॅटर्न दुरुस्त होतो. दुसरं सॅम्पल, मग पीपीएपीचे, म्हणजे पार्ट मंजुरीचे, कागद, मग पायलट लॉट, मग त्यांच्या माणसाचं ऑडिट. साध्या ग्रे आयर्नला वर्ष जातं. सॅम्पल गेलं म्हणून दाजींनी नवी भट्टी बुक केली असती तर तुम्ही त्यांना रंकाळ्यात ढकललं असतं. पण आपलीने तेच केलं की त्याला 'विस्तार' म्हणायचं. सामंजस्य करार म्हणजे ऑर्डर नव्हे, ऑर्डर म्हणजे डिलिव्हरी नव्हे आणि डिलिव्हरी म्हणजे पैसे नव्हेत, हे उद्यमनगरात शाळकरी पोराला कळतं. म्हणूनच पोरांना डिमॅट उघडून देत नाहीत.

कुणी अमेरिकेतल्या जीटी ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीजचं नाव काढलं तर ऐकू आलं नाही असं दाखवा. ती कृत्रिम नीलम करायची. नोव्हेंबर २०१३ मध्ये ॲपलबरोबर करार जाहीर झाला, ५७.८ कोटी डॉलर आगाऊ द्यायचे ठरले, ॲरिझोनातल्या मेसा शहरात कारखाना उभा राहिला. करार खरा, गिऱ्हाईक जगातलं बडं, सगळं सामंजस्याच्या पलीकडचं. अडचण एवढीच की २६२ किलोचे स्फटिक मनासारखे येईनात, तडे, रिजेक्शन. छोटं कास्टिंग सुंदर येतं आणि तेच मोठं केलं की आत श्रिंकेज, म्हणजे आकसून पडलेली पोकळी, निघतं, त्यातलाच प्रकार. ९ सप्टेंबर २०१४ ला नवा आयफोन दाखवला, त्याच्या पडद्यावर नीलम नव्हता. ६ ऑक्टोबरला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दिला आणि शेअर एका दिवसात नव्वद टक्क्यांहून जास्त उतरला. आठवड्यापूर्वीपर्यंत तिथल्या कट्ट्यांवरही 'आपली'च म्हणत असणार.

"धीर धरला पाहिजे" हे मात्र खुशाल म्हणा, त्याला पुरावा आहे. जपानच्या टोरेने कार्बन फायबरचं व्यापारी उत्पादन १९७१ मध्ये सुरू केलं, आणि वजनाने निम्मं कंपोझिट असलेलं बोईंग ७८७ प्रवासी घेऊन उडालं ते ऑक्टोबर २०११ मध्ये. चाळीस वर्षं. दरम्यान टोरे धागे आणि प्लास्टिक विकून जगत होती, कार्बन फायबर गळाच्या काठ्यांत आणि गोल्फच्या दांड्यांत जात होतं. आपलीकडे दुसरा धंदा कुठला, असं विचारणाऱ्याला पुन्हा बिल द्या.

वार्षिक अहवाल आलाच तर गुळगुळीत कागदाची पहिली वीस पानं बघा. हिरवी झाडं, निळे षटकोन, अध्यक्षांचं पत्र. मागचे आकडे बारीक टायपात असतात, डोळ्यांना त्रास होतो. तिथं वीज-इंधनाच्या खर्चाची एक ओळ असते. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात, हे तुम्ही झोपेतही सांगाल. शेजारच्याने तीनशे टन काढलं म्हणून फुशारकी मारली तर त्याचं लाइट बिल बघून तुम्ही त्याला खोटं पाडता. आपलीची विक्री तिप्पट झाली आणि विजेचा खर्च तेवढाच राहिला, तर ते ग्राफीनचं वैशिष्ट्य समजा. तसंच 'चालू भांडवली काम' नावाची, म्हणजे अर्धवट बांधकामात नि यंत्रांत अडकलेली, रक्कम तीन वर्षं जागची हललेली नसेल, तर कामगार सावकाश काम करत असतील. विक्री १२ कोटी आणि येणी ९ कोटी असतील, म्हणजे पैसे यायला सरासरी २७४ दिवस लागत असतील, तर गिऱ्हाईक जुन्या ओळखीचं असेल. बहुधा आडनावही तेच असेल. संबंधित पक्षांच्या व्यवहारांची टीप त्याच्याच मागे दोन पानांवर असते, पण तिथवर जायचं कारण नाही.

प्रवर्तकांनी वॉरंट, म्हणजे ठरल्या भावाने पुढे शेअर घ्यायचे हक्क, घेतले की ढोल वाजवा. "मालकच घेतोय, मग आपण का नाही?" त्यांना आज फक्त २५ टक्के भरायचे असतात, बाकीचे १८ महिन्यांत. भाव चढला तर उरलेले भरून शेअर घ्यायचे, उतरला तर २५ टक्क्यांवर पाणी सोडून मोकळं व्हायचं. तुम्हाला अशी सोय नाही. तुम्ही पूर्ण भरायचे, तेही सोसायटीचं कर्ज काढून.

भाव उतरायला लागला की ॲव्हरेज करा. ३१० ला शंभर, २४० ला शंभर, १७० ला शंभर, सरासरी २४०. कागदावर तोटा लगेच कमी दिसतो, रात्री झोप लागते. १७० वरून २४० ला यायला ४१ टक्के चढावं लागतं, ते कॅल्क्युलेटरने सांगितलं तर कॅल्क्युलेटर खाली ठेवा. याच काळात कट्ट्यावर 'ऑपरेटर', म्हणजे पडद्यामागून भाव खेळवणारा, हा शब्द येतो. चढताना कंपनी चांगली होती म्हणून चढला. उतरतोय तो ऑपरेटर उतरवतोय. पुण्याला आपलीत कामाला असलेल्या कुणाच्या तरी मेहुण्याचा फोनही याच सुमारास येतो: "मोठी बातमी आहे, मार्चपर्यंत थांबा." कुठला मार्च ते विचारू नका.

मग एक दिवस पाच टक्क्यांचं लोअर सर्किट लागतं. दहा दिवस रोज लागलं तर शंभराचे साठ होतात, आणि तेही नुसते दिसतात, विकता येत नाहीत. खालच्या सर्किटला विकणारे चार लाख शेअर घेऊन रांगेत, घेणारा शून्य. तरी रात्रीच ऑर्डर टाकून ठेवा, सकाळी नऊला मोबाइल हातात घेऊन बसा आणि सव्वानऊला 'प्रलंबित' असं वाचा.

पावणेदहाला निघा, शिरोलीला तुमच्या फौंड्रीवर पिग आयर्नची, भट्टीत वितळवायच्या कच्च्या लोखंडाची, गाडी येऊन थांबली असेल. ड्रायव्हरच्या हातातल्या सर्टिफिकेटवर सिलिकॉन २ टक्के लिहिलेलं असेल. गाडी आत घेऊ नका. सॅम्पल काढून लॅबला पाठवा. १.८ आलं तर सप्लायरला फोन लावून "काय समजलास काय आम्हाला?" असं विचारा आणि गाडी तशीच परत पाठवा.