घासाघीस करायची तर गंजाडला जाऊ नका!

डहाणू तालुक्यातल्या गंजाडला, वारली चित्रांच्या गावाला, कुणालाही सोबत न्या, हमखास तेच. गाडीतून उतरलं की आधी सेल्फी, मग चित्र उचलून "कितीला?" आणि आकडा ऐकला की, "एवढे? असले गोल-त्रिकोण तर आमचा बंटीपण काढतो!" तिथेच डोकं सटकतं माझं. काढू दे ना बंटीला! शेणाने सारवलेल्या कापडावर, तांदळाच्या पिठात बुडवलेल्या बांबूच्या काडीने, एकेका माणसाची बारीक कंबर, तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं, झाडाचं पान न पान. दिवसच्या दिवस जातात हो एका चित्रात!

याच गावात राहून जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, 2011 साली पद्मश्री मिळवली. त्याआधी लग्नघरच्या भिंतीवर सुवासिनी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहीत, त्यात पालघाट ही लग्नाची देवी असे. हे विचारायला कुणाला सवड नाही. मॉलमध्ये मात्र यंत्रावर छापलेली 'वारली' उशी लेबलावरच्या किमतीला निमूट घेतात. त्यातला पैसा या पाड्यावर येतो का?

आणि न विचारता घरात शिरून चुलीपाशी बसलेल्या बाईचे फोटो काढतात, ते? तुमच्या स्वयंपाकघरात कुणी असं घुसलं तर चालेल? परवडत नसेल तर लहान चित्र घ्या, नाहीतर नुसतं बघा. पण ज्याने ते काढलंय त्याच्या तोंडावर 'शंभरला देतोस का' म्हणू नका!