मैत्रीमुळे साम्य की साम्यामुळे मैत्री?
अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील दीर्घकालीन आरोग्य-पाहणीच्या नोंदींवरून लठ्ठपणा मित्रांकडून पसरतो, असे एका लेखात ठामपणे म्हटले आहे; ते विधान मला घाईचे वाटते. संशोधक क्रिस्टाकिस आणि फाउलर यांनी २००७ मध्ये याच पाहणीतील १२,०६७ जणांच्या ३२ वर्षांच्या नोंदी तपासल्या, ते काम मोलाचेच आहे. परंतु सारख्या सवयींची माणसे मुळातच एकमेकांकडे ओढली जातात, आणि त्या सवयींची नोंद नसेल तर केवळ निरीक्षणांवरून मित्रांचा प्रभाव आणि मुळातले साम्य वेगळे काढता येत नाहीत, असे संख्याशास्त्रज्ञ शालिझी आणि थॉमस यांनी २०११ मध्ये दाखवून दिले. शिवाय मैत्रीच्या जाळ्यातील माणसे एकमेकांत गुंतलेली असतात, त्यामुळे त्यांना स्वतंत्र नमुने मानणारी संख्याशास्त्राची नेहमीची सूत्रे निष्कर्षातील अनिश्चितता प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवू शकतात. लेखकांनी निदान या मर्यादा नोंदवाव्यात, अशी कळकळीची विनंती आहे.