८ कुठे गेला?

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो, हे मी दाखवलं होतं आणि त्याला 'चमत्कार' म्हटलं होतं. तुमचं म्हणणं, हा दशमान पद्धतीतला योगायोग आहे, १ दहा वेळा घेतला की मोडतो, आणि असल्या गमतींनी मुलांना गणित येत नाही.

आधी माझी चूक. 'कितीही वेळा १ घ्या' असं मी लिहिलं होतं, ते साफ चुकलं. लेखात दुरुस्ती केली आहे, 'चमत्कार'ही काढलाय. योगायोग मात्र मला मान्य नाही.

वहीत १११ गुणिले १११ उभं मांडून बघा. तीन ओळी, तिन्हींत १११, प्रत्येक पुढची एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून बेरजा करा: १, २, ३, २, १. उत्तर १२३२१. नऊ ओळी झाल्या की मधल्या उभ्या रांगेत १ नऊ वेळा येतो, बेरीज ९. कुठेच हातचा नाही, म्हणून चढउतार जसाच्या तसा दिसतो. दहावी ओळ आली की मधली बेरीज १०. शून्य लिहा, हातचा एक. डावीकडचे ९ आणि हातचा, पुन्हा १०. शून्य, हातचा एक. त्याच्या शेजारच्या ८ चा होतो ९, आणि हातचा तिथे संपतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या अंगाला ८ दिसत नाही, कारण त्याचाच ९ झालाय. तुम्ही 'मोडतो' म्हणता ती जागा मला सगळ्यात सुंदर वाटते.

आणि हे दशमान पद्धतीपुरतंच नाही. अष्टमान पद्धतीत (अंक ० ते ७ एवढेच, आठ झाले की हातचा) १ सात वेळा लिहून वर्ग करा, १२३४५६७६५४३२१ येईल. १ आठ वेळा घेतलात की तिथेही मधोमध हातचा आलाच.

आता पुन्हा आपली १२३४५६७८९८७६५४३२१ घ्या. तिच्या अंकांची बेरीज करा, ८१ येते. हातचा न येता गुणाकार झाला की अंकांच्या बेरजांचाही गुणाकारच होतो, इथे ९ × ९. आता संख्येलाच ८१ ने गुणा: ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो.

देवळालीला राहून शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर अशा संख्यांच्या मागे वर्षानुवर्षं लागले होते. या कुळाला त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटलं, कारण कल्पना सुचली ती डेम्लो नावाच्या रेल्वे स्टेशनवर. त्यांच्या हातात कागद आणि पेन्सिल, एवढंच साधन होतं.

मुलांचं म्हणाल, तर पाचवीतल्या एखाद्या मुलासमोर नऊ वेळा १ चा आणि दहा वेळा १ चा, असे दोन्ही वर्ग ठेवा. ८ कुठे गेला, एवढंच विचारा. उत्तर तुम्ही सांगू नका. तो वही ओढून ओळी मांडायला लागेपर्यंत थांबा.