मेडिकलची पोरं एचपीव्हीची लस घेत नाहीत? अर्धंच खरंय

आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर काल परत तो फॉरवर्ड फिरला, की एमबीबीएसची पोरं स्वतः ही एचपीव्हीची लस (गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या व्हायरसवरची) घेत नाहीत कारण त्यांना माहितीये हिच्याने पुढे मूल होत नाही. थांबा जरा. बऱ्याच जणांनी घेतलेली नसते हे खरंय, मी पण सेकंड इयरपर्यंत घेतली नव्हती, पण कारण भीती नव्हती हो, खर्च, आळस आणि कोणी सांगितलंच नाही, हॉस्टेलवर अर्ध्या मुलांना तर वाटायचं ही फक्त मुलींची लस (परीक्षेसाठी या व्हायरसचे १६ आणि १८ नंबरचे टाईप मात्र सगळ्यांना पाठ!). गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या साधारण ७० टक्के केसेस याच दोन टाईपमुळे होतात. लसीत जिवंत व्हायरस नसतोच, नुसतं त्याच्यासारखं दिसणारं प्रोटीनचं कवच असतं, आणि वंध्यत्व येतं याला काहीच पुरावा नाही. आपल्या पुण्याच्या सीरम कंपनीची एचपीव्हीची लस, सर्व्हावॅक, २०२२ मध्ये मंजूर झाली. आधीच झालेलं इन्फेक्शन लस बरं करत नाही, म्हणून तर इन्फेक्शन व्हायच्या आधीच, ९ ते १४ वयात द्यायला सांगतात. आणि हो, लस घेतली तरी बायकांना पुढे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी करावीच लागते. काकू, तो मेसेज डिलीट करा ना प्लीज.