नॉमिनी असताना कोर्टाचा वारस दाखला कशासाठी?

आज दुपारी मावशी बँकेतून रिकाम्या हाताने परतली, तेव्हापासून माझा संताप शमलेला नाही. काकांच्या बचत खात्याला नॉमिनी म्हणून तिचेच नाव आहे, मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झालेली आहे, दाखला आणि आधार कार्ड तिच्या पिशवीत होते. तरीही तिला ‘कोर्टाचा वारस दाखला आणि दोन जामीनदार आणा’ असे सांगण्यात आले.

नॉमिनी असेल आणि न्यायालयाची मनाई नसेल, तर रक्कम कितीही असो, वारस दाखला किंवा जामीनदार मागू नयेत आणि कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेने २००५ मध्येच सर्व बँकांना कळवलेले आहे. मग हा नियम खिडकीपर्यंत पोहोचत का नाही? कोर्टाच्या दाखल्यासाठी वकील, जाहीर नोटीस आणि कित्येक महिने लागतात, हे मागणाऱ्याला ठाऊक नसते काय?

खोटे दावे होतात आणि नॉमिनी हा पैशांचा मालक नसून वारसांच्या वतीने ते स्वीकारणारा विश्वस्त असतो, हे मला मान्य आहे. पण वारसांचे आपसातील हक्क ठरवणे हे बँकेचे काम नव्हे.

मावशीने आयुष्यभर घर सांभाळले. बँकेचे व्यवहार काकांकडे असत. ‘माझी सही चुकली असेल का रे?’ असे तिने मला फोनवर विचारले, तेव्हा माझ्याच्याने बोलवेना. ज्या बाईने नुकताच नवरा गमावला आहे, तिला कोणी बसायला खुर्चीसुद्धा देऊ नये?

आपल्यापैकी प्रत्येकाने आईवडिलांची पासबुके, मुदत ठेवी आणि लॉकर यांवरील नॉमिनीची नावे याच आठवड्यात तपासावीत. नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. बँकेने नकार दिला, तर तो लेखी मागावा, तक्रारीची पोच घ्यावी आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यासाठी शुल्क लागत नाही.

सोमवारी मी मावशीसोबत जाणार आहे. अर्ज दोन प्रतींत तयार आहे, आणि शाखाधिकाऱ्यांनी जे काही सांगायचे ते त्यावर लिहून, सही-शिक्क्यानिशी द्यावे, एवढीच आमची मागणी राहील.