भावना दुखावल्या, पुढे काय?

आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या ग्रुपांवर एक क्रम आता ठरून गेला आहे. कुणीतरी अहिराणीची टर उडवणारे रील टाकतो किंवा एखाद्या फलकावरचा मजकूर कुणाला खटकतो. तासाभरात निषेधाचे संदेश फिरू लागतात, संध्याकाळपर्यंत तहसीलदारांना निवेदन देतानाचा फोटो येतो आणि माफीचा व्हिडिओ मिळाला की प्रकरण मिटते. त्याच ग्रुपांवर, शेजारच्या महसूल मंडळात केळीच्या विम्याची रक्कम जमा झाली मग आपल्याकडे का नाही, असे कुणी विचारले तर दोन-चार जण हात जोडल्याची चित्रे टाकतात आणि विषय खाली सरकतो. अपमान करणाऱ्याला चेहरा असतो. नुकसान करणारा नियम मात्र कागदांतून शोधून काढावा लागतो आणि ते काम कंटाळवाणे असते.

रागावू नका, असे मी म्हणत नाही. शांत राहण्याचा सल्ला बहुधा ज्याचे काही गेलेले नसते तोच देतो. शिवाय दुखावले जाण्याचा हक्कही आपल्याकडे सारखा वाटलेला नाही: काहींच्या भावना दुखावल्या की बाजारपेठ बंद होते, पण सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराला, बांधावर रोज शिव्या खाव्या लागतात त्याबद्दल एकाही दुकानाचे शटर खाली येत नाही. माझी तक्रार एवढीच आहे की आपण राग अपमानापाशीच खर्चून टाकतो आणि त्यामागच्या अन्यायाकडे वळेपर्यंत हाती काही उरत नाही.

याबाबतीत चाळीसगावचा प्रसंग मला फार बोलका वाटतो. 1929 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते, तेही अस्पृश्यांवरील बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी करायला. चाळीसगाव स्टेशनवर त्यांना नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही, म्हणून तिथल्या अस्पृश्य वस्तीतल्याच, कधीही टांगा न हाकलेल्या एका माणसाने लगाम हाती घेतला. वाटेत नदीवरच्या पुलापाशी अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पुढे त्यांनी स्वतः हा प्रसंग लिहिला तेव्हा टांगेवाल्यावर तोंडसुख घेतले नाही. टांगा हाकणारा माणूसही बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला वरचा समजू शकतो, ही सोय त्याला जातीने कशी दिली आहे, ते त्यांनी दाखवले. आणि पाहुण्याला पायी न नेता त्याचा मान राखण्यासाठी आपल्याच लोकांनी पाहुण्याचा जीव धोक्यात घातला, हेही लिहायचे टाळले नाही. मानापमानाच्या नादात आपली माणसेही चुकतात, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारा माणूस दुखावला गेला नव्हता, असे कोण म्हणेल?

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याकडेही पाहावे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिल्ल शेतमजुरांना संघटित केले, तेव्हा अपमानांची यादी करायला काही कमी नव्हते. त्यांनी मागण्या केल्या त्या हातातून गेलेल्या जमिनीच्या आणि सालदारांच्या मजुरीच्या. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे गेलेली असल्यास ती परत करण्याचा कायदा राज्यात 1974 चा आहे आणि 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळातले व्यवहार त्याखाली येतात. जमिनीचा दावा म्हटला की सातबारा, फेरफार आणि तारखा आल्याच; तिथे नुसत्या घोषणेवर निकाल लागत नाही.

आता केळीच्या विम्याकडे येतो, कारण हे लिहिण्याचे खरे निमित्त तेच आहे. हवामानावर आधारित विम्यात थंडी किंवा उष्णतेची भरपाई आपल्या बागेत काय झाले यावर ठरत नाही. मंडळासाठी नेमलेल्या हवामान केंद्राने किती तापमान नोंदवले आणि ते सलग किती दिवस टिकले, यावर ती ठरते. बाग डोळ्यांदेखत करपली असली तरी केंद्राचा आकडा ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचला नसेल तर रक्कम मिळत नाही. अशा वेळी पुतळा जाळल्याने त्या आकड्यात फरक पडत नाही. केंद्र कुठे बसवले आहे, ते झाडांच्या किंवा इमारतीच्या सावलीत तर नाही ना, त्या आठवड्यात ते चालू होते का आणि रोजच्या नोंदी काय आहेत, हे प्रश्न मात्र फरक पाडू शकतात. (आमच्या पारावर हे सांगितले की काही आबा-नाना म्हणतात, "तू आता सरकारचीच बाजू घ्यायला लागला." त्यांचे त्रासणे मला समजते, कारण पैसे त्यांचे बुडाले आहेत.)

माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये शुल्क लागते आणि उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. मुदतीत उत्तर आले नाही तर पहिले अपील करता येते. हे चारही प्रश्न असलेला अर्ज मी जिल्हा कृषी कार्यालयासाठी लिहून ठेवला आहे. मसुदा हवा असेल त्यांनी आपल्या मंडळाचे नाव आणि नुकसानीचा आठवडा कळवावा. रीलबद्दल कृपया इथे लिहू नये.